धोंड्याचा आषाढ

बारामती डेपोत भानुदास कंडक्टरची गाडी लागली की ओळखीचे लोक आधी सुटे पैसे काढून हातात धरायचे. सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी कधी फुकट बसू दिलं नाही, तिथं बाकीच्यांची काय कथा! नव्वद साली त्यांची लेक पुण्याहून एक जुना कॉम्प्युटर घेऊन त्यांच्याच गाडीत चढली आणि पडद्याचं खोकं तिनं शेजारच्या सीटवर ठेवलं. भानुदासांनी खोक्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं आणि दोन पूर्ण तिकिटं फाडली.

"दादा, अवो सामान हाय ते!"

"सीटवर बसलंय न्हवं? मग पॅसेंजर झालं," असं म्हणून ते पुढच्या माणसाकडं वळले.

तर बारामतीत 'नोंद कॉम्प्युटर सर्व्हिसेस' आली ती अशी, रीतसर तिकीट काढून.

लेकीचं नाव प्रियदर्शनी. बारामतीच्या कॉलेजातून बी. एस्सी. झालेली, पुण्यात दोन वर्षं कॉम्प्युटरवर लोकांचे कागद भरून देणाऱ्या एका ऑफिसात काढलेली. ही बाई पाच मिनिटं एका जागी बसलेली कुणी बघितली असेल तर त्यानं खुशाल पुढं यावं. जेवायची ती उभ्यानं, फोनवर बोलायची येरझाऱ्या घालत. तिची आई चतुराबाई म्हणायची, "हिला पोटात धरली तवापास्नं मला चैन न्हाय, आन् हिला तर जन्मापास्नं न्हाय."

पुण्यातली नोकरी तिनं सोडली ती चिडून. त्या ऑफिसात इंदापूरकडच्या एका साखर कारखान्याचे उसाच्या नोंदीचे फॉर्म यायचे. आता हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावरच आहे. ऊस लावला की कारखान्याकडं लागणीची तारीख नोंदवायची. ज्याची लागण आधी, त्याला तोड आधी. तोडणी करणारी टोळी कुणाच्या फडात कधी शिरणार हे त्या एका तारखेवर ठरतं, आणि पाळी चुकली तर उभ्या उसाला तुरा फुटतो आणि वजन उतरतं. पण गावातला माणूस तारीख सांगतो कशी? 'पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी', 'आमच्या जत्रंच्या आदल्या दिशी', 'पुनवंला'. कारखान्याचा नोंद घेणारा माणूसही तेच फॉर्मवर लिहून मोकळा. पुण्यातले साहेब असले फॉर्म 'तारीख नाही' असा शिक्का मारून बाजूला टाकायचे. प्रियदर्शनीनं एकदा तो गठ्ठा उचलला, त्यात तिच्या स्वतःच्या गावाचे तीसेक फॉर्म निघाले. तिनं तो तसाच साहेबाच्या टेबलावर आपटला आणि त्याच आठवड्यात घरी आली.

कॉलेजातला तिचा वर्गमित्र ऋषिराज. घरचा ऊस, घरचे कारखान्याचे सभासद, आणि भिगवण रोडला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर एक रिकामी खोली. तिनं डोकं दिलं, त्यानं खोली दिली आणि कारखान्याचं नोंदीचं काम मिळवून दिलं. खाली दिवसभर हातोड्याचे ठोके, वर पडदा थरथरायचा. वीज जायची तर अशी जायची की अर्ध्या दिवसाचं काम पुसलं जायचं आणि ही बाई जिन्यात उभी राहून वीजमंडळाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

पण तिनं एक फाइल बनवली, तिला तोड नव्हती. साठ-सत्तर गावांच्या जत्रा, उरूस, बैलपोळे, पुनवा, अमावास्या, कुठल्या साली कुठल्या तारखेला, सगळं त्यात. 'आमच्या जत्रंच्या आदल्या दिशी' असं टाइप केलं आणि गावाचं नाव दिलं की यंत्र तारीख काढून द्यायचं. ही माहिती गोळा करायला ती वर्षभर लूनावरून इंदापूर तालुका पालथा घालत होती. मंदिराच्या गुरवाला विचार, मशिदीच्या मुजावराला विचार, कुठं नुसतं पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचार.

तरी तिच्या जिवाला घोर असायचाच. फाइल चुकली तर? म्हणून तिनं एक रीत पाडली. यादी कारखान्याला द्यायच्या आधी गावात जायचं आणि चावडीवर मोठ्यानं वाचायची. प्रत्येक नाव, प्रत्येक गट, प्रत्येक तारीख. ज्याची चुकली तो तिथंच ओरडणार.

पहिलं वाचन झालं कालव्याच्या अगदी शेवटाला असलेल्या एका गावात. ती चावडीची पायरी चढली तेव्हा महिपती तात्या नावाच्या बागायतदारानं विचारलं, "कुणाची गं तू?" हा प्रश्न कशासाठी असतो हे तिला लहानपणापासून पाठ होतं. ती म्हणाली, "भानुदास कंडक्टरची." तात्यांनी तिला खालून वर न्याहाळलं. मग म्हणाले, "त्यानं माझ्या शेरडाचं तिकीट फाडलं हुतं एकदा. बस वर. वाच." आणि ती वर बसली. तिच्या आज्याला असल्या चावडीवर कधी बसता आलं नव्हतं. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही, तात्यांनीही नाही.

सहा वर्षांत खोलीच्या तीन खोल्या झाल्या, एकाचे नऊ कॉम्प्युटर झाले आणि माहिती भरायला अकरा पोरी आल्या. पोरी म्हणायचं आपलं, त्यातल्या चार लग्न झालेल्या. पहिली आली ती झुंबर. भिगवणच्या मासळीवाल्यांच्या घरातली सून, बारावी पास, बोटं अशी की बघणाऱ्याचे डोळे दमावेत. तिची सासू बनाबाई काही केल्या पाठवायला तयार नव्हती. "आज काम देशील, उद्या दुकान बंद करशील, मग आमच्या सुनंला मासळीच्या पाट्या उचलायची लाज वाटणार." प्रियदर्शनीनं तिच्या ओसरीवर उभं राहून शब्द दिला, "मावशी, कायमची नोकरी लावून देते. न्हाय दिली तर माझ्या दारात येऊन बसा." मग बाकीच्या दहा घरांतही तिनं हाच शब्द दिला. द्यायला काय जातंय! पाळताना तोंडचं पाणी पळतं.

शहाण्णव सालात ते पळायला लागलं. गल्लीगल्लीत कॉम्प्युटर क्लास निघाले. कारखान्यानं कळवलं की दोन हंगामांनंतर काम द्यायचं ते मोठ्याच कंपनीला, पाच-दहा मशीनवाल्यांना नाही. ऋषिराजनं पुण्याची एक कंपनी गाठली. ती म्हणाली, आम्ही तुम्हाला आमच्यात विलीन करून घेतो, अकराच्या अकरा ऑपरेटर कायम करतो, तुम्हा दोघांना मॅनेजर करतो. फक्त तोवर काम चोख आणि चटपटीत दिसलं पाहिजे.

प्रियदर्शनीला आठवडाभर झोप नव्हती. कंपनी तिनं हातानं उभी केली होती, ती दुसऱ्याच्या पाटीखाली जाणार याचं तिला दुःख होतंच, नाही कसं? पण अकरा घरांच्या ओसऱ्या तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. तिनं हो म्हटलं.

श्रावणात पुण्याहून दोघं आले, एकाच्या हातात चक्क स्टॉपवॉच. एका फॉर्मला किती सेकंद, एका पोरीचे किती फॉर्म, सगळं मोजलं. मग त्यातले मोठे साहेब म्हणाले, "हे गावोगावचं वाचन कशासाठी? सतरा दिवस जातात यात. आमच्याकडं एकच फॉर्म दोघी वेगवेगळ्या भरतात, जुळलं की बरोबर."

"साहेब, दोघींनाही तेच चुकीचं सांगितलं असलं तर?"

साहेब हसले. ऋषिराजनं टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. आणि जी बाई कुणाच्या बापाला भ्यायली नाही, ती त्या दिवशी म्हणाली, "बरं. यंदा वाचन नको."

आता शहाण्णव सालची गंमत अशी, की त्या वर्षी आषाढ दोन होते. तीनेक वर्षांनी पंचांगात एक महिना दोनदा येतो. पहिला अधिक, आपल्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात, जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे. दुसरा निज, म्हणजे खरा. शेकड्यानं फॉर्म आले होते आणि त्यांवर नुसतं 'आषाढ पुनव' लिहिलेलं. कुठली पुनव? एक जुलैची का तीसची? प्रियदर्शनीच्या घरात छप्पन्न साली धम्म घेतल्यापासून पंचांग बंद. आषाढी पौर्णिमा तिच्याकडं पाळायचे, पण ती एकच, बुद्धविहारात असते ती. तिनं ऋषिराजला विचारलं.

तो यंदाच सासुरवाडीत धोंडे हाणून आला होता. "निजच धर. धोंड्याच्या महिन्यात कोण शहाणा नवीन काम काढतो? लागण तर न्हायच न्हाय."

हे यांच्यातलं, यांना ठाऊक, असं म्हणून तिनं फाइलमध्ये निज आषाढ घातला. एरवी दहा जणांना विचारणारी बाई! घाई होती, स्टॉपवॉच होतं, आणि मनात सारखी धाकधूक, हे लवकर पार पडू दे.

एक वर्ष बरं गेलं. सत्त्याण्णवचा गाळप हंगाम सुरू झाला, तोडीच्या याद्या लागल्या. विलीनीकरणाच्या सह्या डिसेंबरातल्या एका गुरुवारी ठरल्या. सोमवारी सकाळी जिन्यात धाड धाड आवाज झाला आणि महिपती तात्या वर आले. खांद्यावर तीन ऊस, शेंड्याला पांढरे तुरे. त्यांनी ते प्रियदर्शनीच्या टेबलावर टाकले. कीबोर्डवर कुसळं पसरली.

"बघ. डोळं भरून बघ. माझ्या मागनं लावलेल्याचा ऊस तुटून गेला आन् माझा फुलोऱ्यात उभा हाय. यादीत माझी तारीख तीस जुलै कुणी घातली?"

"तात्या, तुमी आषाढ पुनव सांगितली..."

"धोंड्याची पुनव! कालव्याला पाणी तवाच सुटलं हुतं. आमी कालव्याच्या शेवटची माणसं. पाणी आलं की लावायचं. त्यात अधिक का फधिक बघत बसू?" तात्यांचा श्वास लागला होता. "तू वाचाय का न्हाय आलीस? आली असतीस तर तितंच बोललो असतो."

तात्या तरातरा उतरून गेले. झुंबरनं कुसळं पुसली. प्रियदर्शनीनं कालव्याच्या शेवटच्या दोन गावांची, तात्यांच्या आणि शेजारच्या, यादी काढली; ती झुंबरनंच भरलेली. एकशे त्रेचाळीस फड, सगळे महिनाभर मागं पडलेले.

ऋषिराज दार लावून म्हणाला, "गुरुवारपर्यंत गप बस. सही होऊ दे. मग शुक्रवारी दुरुस्ती करू. चार दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

"चार दिवस तुरा थांबतो का?"

"आणि सही मोडली तर? अकरा जणींना काय सांगशील?"

ऋषिराज वाईट माणूस नव्हता, हे सांगून ठेवलेलं बरं. त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. म्हणून तर तिचा जीव असा कातावला. दुपारभर ती भिगवण रोडला डेपोपर्यंत गेली आणि परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. पानटपरीवाल्यानं विचारलं, "ताई, काय हरवलंय का?" ती त्याच्यावर उगाच खेकसली.

मंगळवारी ती यादी घेऊन तात्यांच्या गावात गेली. दोन्ही गावांची माणसं जमून चावडी भरली होती, तात्यांचा ऊस आता सगळ्यांच्या तोंडी होता. ती उभ्या उभ्याच बोलली. "दोन आषाढांतला चुकीचा धरला. वाचन बंद केलं ते मीच. चूक माझी हाय. आता एकेक नाव वाचते, ज्याची त्यानं पुनव सांगायची."

मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यांच्या हातात कारभार दिल्यावर दुसरं काय व्हायचं?"

'ह्यांच्या' म्हणजे कुणाच्या हे चावडीवर कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. प्रियदर्शनीची कानशिलं तापली. या एका वाक्याला ती सात वर्षं भीत आली होती, म्हणूनच तर प्रत्येक तारीख दहादा तपासायची. आणि ज्या एका वर्षी तपासली नाही, त्याच वर्षी ते तिच्या वाट्याला आलं.

महिपती तात्या खांबाला टेकून बसले होते. तिच्यावरचा राग गेला नव्हता, चेहऱ्यावर दिसतच होता. पण ते मागं वळून म्हणाले, "धोंड्याचा महिना तिच्या घरातला का तुझ्या? फॉर्मवर अंगठा देताना तुझ्या तोंडाला काय झालं हुतं? गप बस." मग तिच्याकडं न बघता, "वाच, पोरी."

तिनं एकशे त्रेचाळीस नावं वाचली. बुधवारी कारखान्याच्या शेतकी ऑफिसात दुरुस्त यादी दिली, टोळ्या वळवायला लावल्या. पस्तीस-चाळीस फड तोवर हलके झाले होते, त्यात तात्यांचाही होता. त्याला इलाज नव्हता.

गुरुवारी पुण्याचे साहेब आले ते सगळं ऐकूनच. टेबलावर विलीनीकरणाचे कागद, शेजारी पेढ्यांचा बॉक्स, तो कुणी उघडला नाही. साहेबांनी यादीवरचा एक रकाना दाखवला. कुठला फॉर्म कुणी भरला हे कळावं म्हणून प्रत्येक नोंदीपुढं ऑपरेटरचा नंबर असायचा.

"एकशे त्रेचाळीसच्या एकशे त्रेचाळीस, ऑपरेटर नंबर एक. कोण ही? हेड ऑफिसला मला कुणाचं तरी नाव द्यावं लागेल. हिला सोडून बाकीच्या दहा आम्ही घेतो. आजच सह्या करू."

काचेपलीकडं झुंबर बसली होती. तिला ऐकू येत नव्हतं, पण आपल्याकडं बोट झालेलं तिनं बघितलं आणि तिची बोटं कीबोर्डवर थांबली.

प्रियदर्शनीनं ऋषिराजकडं बघितलं. 'निजच धर' हे त्याचं वाक्य दोघांनाही आठवत होतं. तो खाली कागदांकडं बघत राहिला. ती क्षणभर थांबली, खरंच थांबली, त्याला बोलायची संधी द्यावी म्हणून. त्यानं पान उलटलं.

"साहेब, बोटं तिची होती. तारीख माझी होती. मी फाइलमध्ये जे घातलं तेच तिनं भरलं. नाव द्यायचं तर माझं द्या."

"तुम्हाला आम्ही मॅनेजर म्हणून घेणार आहोत, मॅडम. मॅनेजरचं नाव असं देता येत नाही."

"मग मला घेऊ नका. अकरा जणी घ्या."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. मग म्हणाले, "लिहून द्या."

तिनं उभ्यानंच लिहून दिलं, सव्वा पान. ऋषिराज म्हणाला, "अगं, बस तरी," तर तिनं त्याच्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. सह्या झाल्या. 'नोंद कॉम्प्युटर सर्व्हिसेस' दुपारी सव्वादोनला पुण्याच्या कंपनीत विलीन झाली आणि ऋषिराज तिचा बारामतीचा मॅनेजर झाला.

नेमणुकीची पत्रं पोरींना द्यायचा मान साहेबांनी तिलाच दिला, भला माणूस म्हणायचा. एकेकीला बोलवून तिनं पाकीट हातात ठेवलं. कुणी वाकून नमस्कार केला, कुणी नुसतीच हसत राहिली. शेवटी झुंबर आली. पाकीट उघडून तिनं ते दोनदा वाचलं, 'कायम' या शब्दावर बोट ठेवलं. मग टेबलाकडं बघितलं. टेबल रिकामं होतं.

"मॅडम, तुमचं पत्र?"

"माझं न्हाय."

झुंबरला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तशी तिनं पाकीट टेबलावर परत ठेवलं. "मग मला बी नको. माझ्यापायी झालंय ना हे? मला बी नको."

"उचल ते." प्रियदर्शनीचा आवाज एवढा चढला की बाकीच्या दहा जणी दारात गोळा झाल्या. "उचल म्हणते ना! मला वाईट वाटतंय, लई वाटतंय, घरी जाऊन दादांना काय तोंड दाखवू ते कळत न्हाय. आणि तू हे हितं टाकून गेलीस तर मी हे कशासाठी केलं? सांग ना, कशासाठी केलं?"

झुंबर रडत होती. प्रियदर्शनीनं पाकीट उचललं, तिच्या पदराखाली कोंबलं, पेन तिच्या हातात दिलं आणि पोच घेतल्याच्या वहीवर बोट ठेवून म्हणाली, "हितं. सही कर. आणि पाचच्या गाडीनं घरी जा, बनामावशीला आधी पत्र दाखव."